मोबाईलमध्ये डॉलर दिसतात, पण खात्यात रुपया येईना! क्रिप्टोत मजुरी घेणाऱ्या नवख्या पोरांची गाडी नेमकी कुठे अडते?

घरी बसून परदेशातलं काम करणारी पोरं आता फक्त शहरात राहिली नाहीत. वाडी-वस्तीवर नेट पोहोचलं, तशी गावातली पोरंही या कामाला लागली. कुणी व्हिडिओ एडिटिंग करतं, कुणी लोगो बनवून देतं, कुणी एखाद्या परदेशी कंपनीचा ऑनलाइन ग्रुप सांभाळतं. काम नेटवर मिळतं, गिऱ्हाईक साता समुद्रापार असतं. आणि पैसे द्यायची वेळ आली की समोरून निरोप येतो, "बँकेचं नको. यूएसडीटी पाठवतो, वॉलेटचा पत्ता दे."

इथूनच नवख्या माणसाची खरी परीक्षा सुरू होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, बारावी झालेला एक पोरगा आहे. घरची अडीच एकर जिरायत, दारात दोन गाई. रात्री जागून दोन आठवडे त्याने एका परदेशी गिऱ्हाइकाचं काम केलं. ठरले दोनशे डॉलर. गिऱ्हाइकाने दोनशे यूएसडीटी पाठवले. मोबाईलवर आकडा दिसला, पोरगा खूश झाला. वडिलांनी विचारलं, "पैसे आले का रे?" तो म्हणाला, "आले, पण..."

सगळी गोष्ट त्या 'पण'मध्ये आहे.

कांदा विकणाऱ्याला हे समजायला अवघड नाही. बाजार समितीत माल विकला की हातात पट्टी पडते. पट्टीवर आकडा असतो. त्यातून हमाली, तोलाई वजा झालेली असते. पण व्यापाऱ्याने पुढच्या तारखेचा चेक दिला, तर तो वटेपर्यंत कुणी शहाणा शेतकरी 'पैसे मिळाले' म्हणत नाही. वॉलेटमध्ये दिसणारं क्रिप्टो हे त्या पट्टीसारखंच आहे. आकडा खरा असतो, पण त्याचा रुपया होऊन खात्यात पडेपर्यंत वाटेत बरेच खड्डे आहेत. आणि त्या खड्ड्यांची सगळी जोखीम काम करणाऱ्याच्या डोक्यावर असते, काम देणाऱ्याच्या नाही.

यूएसडीटी म्हणजे काय?

बिटकॉइनचा भाव रोज वर-खाली होतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. मजुरी अशा चलनात घेतली तर आज दहा हजाराचं काम उद्या आठ हजाराचं व्हायचं. म्हणून ऑनलाइन कामात जास्त चालतं ते यूएसडीटी, म्हणजे 'टेदर' नावाचं नाणं. एक यूएसडीटी म्हणजे साधारण एक अमेरिकी डॉलर, असा त्याचा हिशोब असतो. त्यामुळे भावाची भीती कमी राहते.

पण ते खरे डॉलर नाहीत. ते एका खासगी कंपनीने काढलेलं डिजिटल नाणं आहे. त्याच्यामागे अमेरिकेचं सरकार उभं नाही, आणि भारताची रिझर्व्ह बँकही नाही.

पहिला खड्डा : पत्ता बरोबर, रस्ता चुकीचा

बँकेत पैसे पाठवायला खाते नंबर आणि आयएफएससी कोड लागतो. क्रिप्टोत लागतो वॉलेटचा पत्ता, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. ती हाताने लिहायची नसते, कॉपी करून पेस्ट करायची असते. एक अक्षर चुकलं तर व्यवहार होतच नाही, किंवा पैसे भलतीकडेच जातात.

त्याहून जास्त पोरं फसतात ती नेटवर्कमध्ये. एकच यूएसडीटी वेगवेगळ्या नेटवर्कवरून धावतं. टीआरसी-२० हे ट्रॉनचं नेटवर्क, ईआरसी-२० हे इथेरियमचं, बीईपी-२० हे बीएनबी चेनचं. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी 'टी'ने सुरू होतो, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. पण इथेरियम आणि बीएनबी चेनचे पत्ते दिसायला सारखेच असतात, दोन्ही 'शून्य-एक्स'ने सुरू होतात. गिऱ्हाइकाने पाठवलं एका नेटवर्कवरून आणि पोराच्या एक्सचेंजवर ते नेटवर्क चालतच नाही, असं झालं की पैसे अधांतरी लटकतात. पाठवणारा म्हणतो, 'मी पाठवले, हा घे पुरावा.' एक्सचेंज म्हणतं, 'आमच्याकडे जमा नाहीत.' दोघंही खोटं बोलत नसतात. मजुरी मात्र मधल्या मध्ये अडकते.

एसटी चुकली तर पुढच्या स्टँडवर उतरता येतं. इथे ती सोय नाही. क्रिप्टोचा व्यवहार एकदा झाला की उलटा फिरवता येत नाही, आणि तक्रार घेऊन जायला शाखा नाही की मॅनेजर नाही.

दुसरा खड्डा : ट्रॅक्टर दारात, डिझेल नाही

काही पोरं एक्सचेंजवर खातं न उघडता मोबाईलमध्ये स्वतःचं वॉलेट बनवतात. त्यात दोनशे यूएसडीटी येऊन पडतात. आता ते बाहेर काढायला गेलं की स्क्रीनवर लिहून येतं, 'फी भरायला पुरेशी शिल्लक नाही.' पोरगा चक्रावतो. दोनशे डॉलर असून फीला पैसे नाहीत कसे?

कारण असं आहे की नेटवर्कची फी साधारणपणे त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यात भरावी लागते. ट्रॉनवर ती टीआरएक्समध्ये, इथेरियमवर ईथरमध्ये. यूएसडीटी कितीही असू द्या, जवळ टीआरएक्स नसेल तर ते जागचं हलत नाही. म्हणजे आधी दुसऱ्या कुठून तरी थोडं टीआरएक्स आणायचं, मग स्वतःचेच पैसे बाहेर काढायचे. नवखा माणूस इथे हमखास वैतागतो, आणि 'मदत' शोधत टेलिग्रामच्या एखाद्या ग्रुपवर जाऊन पडतो.

तिथे टपून बसलेले असतात ते चोर. ते गोड बोलून वॉलेटचे बारा किंवा चोवीस शब्द मागतात. हे शब्द म्हणजे घराची किल्ली, तिजोरीची किल्ली आणि सातबारा, सगळं एकत्र. ते ज्याच्या हातात गेले, वॉलेट त्याचं झालं. कोणतीही खरी कंपनी हे शब्द कधीच विचारत नाही.

आणखी एक प्रकार म्हणजे खोटी पावती. समोरचा 'पाठवले' म्हणून नुसता स्क्रीनशॉट टाकतो, किंवा यूएसडीटी असंच नाव दिलेलं भलतंच, कवडीमोलाचं टोकन पाठवतो. पोरगा काम देऊन मोकळा होतो, आणि विकायला गेल्यावर कळतं की हे नाणं कुणी घेतच नाही. यूपीआयच्या खोट्या स्क्रीनशॉटने दुकानदार फसतो, तसलाच हा प्रकार.

तिसरा खड्डा : रुपये करायचे कुठे?

भारतात क्रिप्टोवर बंदी नाही, पण त्याला चलनाची मान्यताही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारने त्यावर कर लावला. मार्च २०२३ मध्ये एक्सचेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं. त्यामुळे भारतात धंदा करणाऱ्या एक्सचेंजला केंद्राच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते.

नोंदणी नसलेल्या नऊ परदेशी एक्सचेंजना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा निघाल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या वेबसाइट आणि अ‍ॅप बंद करण्याची कारवाई झाली. ज्यांची मजुरी तिथे पडून होती, त्यांची तेव्हा धावपळ झाली. त्यातल्या काहींनी नंतर नोंदणी केली.

नोंदणी आहे म्हणजे पैसे सुरक्षित आहेत, असंही नाही. 'वझीरएक्स' या भारतातल्या नावाजलेल्या एक्सचेंजवर जुलै २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला आणि सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं. त्यानंतर ग्राहकांचं क्रिप्टो वर्षभराहून जास्त काळ अडकून राहिलं. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. एक्सचेंजवरच्या नाण्याला तसं कोणतंही संरक्षण नाही.

चौथा खड्डा : सगळ्यात खोल

एक्सचेंजवर थेट विकण्याऐवजी बरीच पोरं 'पी-टू-पी' करतात. म्हणजे आपलं यूएसडीटी दुसऱ्या माणसाला विकायचं आणि त्याने आपल्या खात्यावर यूपीआयने किंवा आयएमपीएसने रुपये टाकायचे. यात भाव दोन रुपये जास्त मिळतो, पैसेही पाच मिनिटांत येतात.

ते पैसे कुणाचे आहेत, हे मात्र कळत नाही.

ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना लुटलेले रुपये लवकर कुठेतरी फिरवायचे असतात. त्यासाठी पी-टू-पी ही त्यांना सोयीची वाट आहे. समजा, दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला फसवून त्याच्या खात्यातून पैसे काढले. ते दोन-तीन खात्यांतून फिरून आपल्या या पोराच्या खात्यात आले, आणि त्या बदल्यात यूएसडीटी चोराकडे गेले. फसलेल्या माणसाने १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत निघतात. ज्या ज्या खात्यातून तो पैसा गेला, त्यावर रोख लावायला बँकेला सांगितलं जातं. कधी तेवढ्या रकमेवर, तर कधी अख्ख्या खात्यावर.

पोराला काहीच माहीत नसतं. एटीएमवर जातो तर पैसे निघत नाहीत. शाखेत विचारलं तर उत्तर मिळतं, 'अमुक राज्याच्या सायबर पोलिसांचं पत्र आहे, आमच्या हातात काही नाही.'

शहरातल्या माणसाची चार खाती असतात. गावात बऱ्याचदा एकच असतं, आणि सगळा संसार त्याच एका खात्यावर चालतो. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार त्यात, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा हप्ता त्यात, दुधाचं बिल त्यात, पीक विमा आला तर तोही त्यातच. पोराने वडिलांच्या खात्यावर पैसे मागवले असतील तर गोष्ट आणखी अवघड. खात्यातून पैसे काढण्यावर रोख लागली की हप्ता येतो, पण निघत नाही. पेरणी तोंडावर, बियाणं-खताला पैसे हवेत, आणि पैसे खात्यात असून घरचे उसनवारीला दारोदार. सतरा हजाराच्या मजुरीपायी घरचा अख्खा हंगाम अडचणीत येऊ शकतो.

केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणात वादाच्या रकमेपुरतीच रोख ठेवावी, असं सांगितलं होतं. पण तो आधार घेऊन दाद मागायची तर कागद लागतात, वेळ लागतो, आणि वकीलही लागतो.

पाचवा खड्डा : कराचा

'आपलं शेतकऱ्याचं घर, आपल्याला कुठला टॅक्स?' असं म्हणून बरेच जण सोडून देतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं. पण सातबारा नावावर आहे म्हणून व्हिडिओ एडिटिंगचा पैसा शेतीचा होत नाही.

हिशोब असा. ज्या दिवशी यूएसडीटी आलं, त्या दिवशीच्या भावाने ती रक्कम कामाचं उत्पन्न धरली जाते, असं करसल्लागार साधारणपणे मानतात. तिच्यावर नेहमीच्या स्लॅबप्रमाणे हिशोब होतो. ते नाणं पुढे जास्त भावाने विकलं तर वरच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षावरही नेता येत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस आहे.

आकड्यात पाहू. समजा, आले त्या दिवशी भाव ८५ रुपये होता. दोनशेचे झाले १७,०००. पोराने ८७ ने विकले, आले १७,४००. नफा ४०० रुपये. त्यावर कर आणि उपकर मिळून सुमारे १२५ रुपये. टीडीएस मात्र कापला गेला १७४ रुपये, कारण तो नफ्यावर नाही, अख्ख्या विक्रीवर आहे. भाव पडून ८३ ने विकावं लागलं तर ४०० रुपये तोटा, आणि तरीही १६६ रुपये टीडीएस. एक्सचेंजची फी आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळाच.

कापलेला टीडीएस हिशोबात धरला जातो, जास्त झाला तर परतही मिळतो. पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं, आणि त्यात क्रिप्टोची माहिती वेगळ्या तक्त्यात द्यावी लागते. अनेक पोरं रिटर्नच भरत नाहीत. पॅन नंबरवर व्यवहार मात्र दिसत राहतो.

नवख्यांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट आहे. परदेशातून बँकेमार्फत पैसे आले की त्याचा कागद मिळतो. पुढे मोटरसायकल किंवा घरासाठी कर्ज काढायचं तर 'माझी कमाई इतकी आहे' हे दाखवायला तो उपयोगी पडतो. क्रिप्टोत आलेल्या मजुरीचा तसा कागद मिळत नाही. जीएसटीच्या कायद्यातही सेवेची निर्यात धरायची तर पैसा परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या ठिकाणी रुपयांत यावा लागतो. क्रिप्टो त्यात बसत नाही. वर्षाला वीस लाखांच्या आत काम असणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सहसा गरज नसते. पण काम वाढलं की हा प्रश्न दारात उभा राहणारच.

एका देशाने करून पाहिलं

आपल्याकडे सरकारची मान्यता नाही म्हणून हे अवघड जातं, मान्यता दिली की सोपं होईल, असं काहींना वाटतं. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या छोट्या देशाने तेही करून पाहिलं. ७ सप्टेंबर २०२१ पासून तिथे बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं. सरकारने स्वतःचं 'चिवो' नावाचं वॉलेट काढलं आणि ते घेणाऱ्या प्रत्येकाला ३० डॉलरचं बिटकॉइन भेट दिलं. दुकानदारांनी बिटकॉइन घ्यावं असा नियमही केला.

लोकांनी अ‍ॅप घेतलं, ३० डॉलर खर्च केले, आणि बहुतेकांनी ते बाजूला ठेवून दिलं, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. अमेरिकेत राबणाऱ्या नातेवाइकांकडून घरी येणाऱ्या पैशातलाही फार थोडा भाग क्रिप्टोतून आला. लोकांना रोख डॉलरच जवळचे वाटले. शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १४० कोटी डॉलरचं कर्ज घेताना तिथल्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला आणि बिटकॉइन घेण्याची सक्ती काढून टाकली.

सरकार पाठीशी असतानाही सामान्य माणसाला हे सोपं गेलं नाही. इथे तर तो एकटाच आहे.

मग पोरं घेतात कशाला?

क्रिप्टो म्हणजे नुसती फसवणूक, असं म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही. पुण्यातून गाजलेल्या 'गेन बिटकॉइन' प्रकरणानंतर घरातली मोठी माणसं हे नाव काढलं तरी घाबरतात, आणि ते साहजिक आहे. पण दर महिन्याला दहा टक्के मिळतील म्हणून पैसे गुंतवणं वेगळं आणि स्वतःच्या घामाची मजुरी घेणं वेगळं.

पोरांची बाजूही खरी आहे. परदेशातून बँकेत थोडी रक्कम मागवली तर दोन्हीकडच्या बँकांची फी बरीच खाते. तालुक्याच्या शाखेत परदेशी पैशाचा फॉर्म नीट भरून देणारा माणूस मिळत नाही. काही देशांतल्या गिऱ्हाइकांना डॉलर पाठवणंच मुश्कील असतं. क्रिप्टो रात्री दोन वाजताही येतं, रविवारीही येतं. काम हातचं जाऊ नये म्हणून पोरगा 'हो' म्हणतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण 'हो' म्हणायच्या आधी त्याला हिशोब माहीत असायला हवा.

काय करता येईल?

– आधी बँकेचा रस्ता विचारा. बँकेत थेट, किंवा पेपल, पेओनिअर, वाइज यांसारख्या सेवेतून पैसे देता येतील का, हे काम सुरू करण्याआधी ठरवा. फी कोण भरणार, तेही तेव्हाच ठरवा.

– क्रिप्टोच घ्यावं लागलं तर एफआययूकडे नोंदणी असलेल्या भारतीय एक्सचेंजवर स्वतःच्या नावाने, केवायसी करून खातं ठेवा. तिथलं नेटवर्क आणि पत्ता गिऱ्हाइकाला लेखी कळवा.

– पहिल्यांदा पाच-दहा यूएसडीटीच मागवा. ते आले, विकले गेले आणि रुपये खात्यात पडले, की मगच बाकीचे.

– स्क्रीनशॉटवर विश्वास नको. आपल्या खात्यात जमा दिसलं तरच काम हातावेगळं करा.

– पी-टू-पी टाळा. अगदीच केलं, तर विकत घेणाऱ्याचं नाव आणि पैसे आलेल्या खात्याचं नाव एकच आहे का ते बघा. नाव वेगळं असेल तर नाणं सोडू नका, एक्सचेंजकडे तक्रार करा.

– पीएम-किसान, दूध आणि पीक कर्जाच्या खात्यावर हे पैसे कधीच घेऊ नका. दुसऱ्या बँकेत वेगळं खातं ठेवा. आई-वडिलांचं खातं तर यात ओढूच नका.

– आलेल्या दिवसाचा भाव, विकलेल्या दिवसाचा भाव, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं आणि कामाची फाइल, सगळं जपून ठेवा. खातं गोठलं तर हाच पुरावा असतो.

– खातं गोठलंच, तर शाखेतून तीन गोष्टी लेखी घ्या : कोणतं पोलीस ठाणं, तक्रार क्रमांक कोणता, आणि किती रकमेचा वाद. त्या ठाण्याला पुराव्यासह ईमेल आणि पत्र पाठवा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. 'दहा हजार द्या, खातं उघडून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

शेवटी प्रश्न हिशोबाचा

दोनशे डॉलरचं काम होतं. नेटवर्क निवडायचं पोराने, फी भरायची पोराने, विकत घेणारा शोधायचा पोराने, टीडीएस त्याचा, पोलिसांचं पत्र आलं तर खातंही त्याचंच. गिऱ्हाइकाने एक बटण दाबलं आणि तो मोकळा झाला. ही सगळी धावपळ मजुरीत धरलीय का, हा प्रश्न प्रत्येकाने 'पत्ता दे' म्हटल्यावर स्वतःला विचारायचा आहे. धरली नसेल, तर काम दोनशे डॉलरचं नव्हतंच.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. माल त्याचा, वाहतूक त्याची, घट त्याची, आणि चेक वटला नाही तर चकराही त्याच्याच. पोरगं मोबाईलवर काम करायला लागलं ते या रहाटगाडग्यातून सुटायला. तोच व्यवहार नव्या नावाने त्याच्या गळ्यात पडू नये, एवढं तरी घरच्यांनी बघायला हवं. आता पोरगा "पैसे आले" म्हणाला तर पुढचा प्रश्न जरूर विचारा : "कुठे आले? मोबाईलमध्ये, की खात्यात?"